बदक : पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

मला स्वयंपाक येतो, हा माझा समज लग्नापासून निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला, कारण तो तपासून पाहायची वेळच कुणी माझ्यावर आणली नाही. आमटीत मीठ कमी पडलंय, भरल्या वांग्यात गूळ जरा पुढे गेलाय, आज फोडणीत हिंग विसरलीस का, हे मी पहिल्या घासाला सांगू शकतो. आणि ज्याला चूक कळते त्याला बरोबर काय ते करता येणारच, असा सरळ हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता. बँकेत मी ऑडिटला होतो. आयुष्यभर चुका काढण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हा हिशेब स्वाभाविक वाटतो. बायकोला तो कधीच पटला नाही, पण तिनं तो खोडूनही काढला नाही, कारण खोडून काढायचा तर मला एकदा ओट्यापाशी उभं करावं लागलं असतं, आणि ओटा तिचा आहे.

पण बँकॉकमधला ओटा तिचा नाही. तो सूनबाईंचा. म्हणजे नाव सूनबाईंचं आणि ताबा कुणाचाच नाही, कारण मुलगा आणि सून सकाळी आठला घर सोडतात ते रात्री उगवतात, नात तीन वाजेपर्यंत शाळेत, आणि तिकडे खाली उतरलं की दर दहा पावलांवर कुणी ना कुणी काहीतरी भाजत, तळत, उकळत बसलेलं असतं. त्यामुळे घरी रांधण्याची फारशी कुणाला गरज वाटत नाही. आम्ही दोघं वर्षातले काही महिने तिथं जाऊन राहतो. बायको भिशी सोडून आल्याचं दुःख विणकामात घालवते. मी बाल्कनीत बसतो आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांची रांग कुठल्या सिग्नलमुळे तुंबते याचा अभ्यास करतो. अशा माणसाच्या आयुष्यात बदक यायला फार वेळ लागत नाही.

ते आलं याओवारातमधून. याओवारात म्हणजे बँकॉकची चिनी पेठ. सयामच्या राजानं 1782 मध्ये राजधानी नदीच्या या काठावर आणली, तेव्हा जिथं राजवाडा बांधायचा तिथं चिनी व्यापारी आधीच वस्ती करून होते. त्यांना तिथून उठवून जरा खालच्या अंगाला साम्फेंगला बसवलं, आणि पुढे शंभर-एक वर्षांनी त्या वस्तीतून याओवारातचा रस्ता निघाला. यातले बहुतेक तेओच्यू, दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडचे. येताना त्यांनी सोया सॉसमध्ये मंद आचेवर बदक शिजवायची आपली पद्धत बरोबर आणली. इथं त्यात कोथिंबिरीची मुळं आली, ताडाचा गूळ आला, आणि त्याचं झालं पेत फालो. तपकिरी, चकचकीत, सोबत भात, उकडलेलं अंडं, आंबवलेली मोहरीची पानं आणि मिरची-लसूण-व्हिनेगरची तोंडाला झिणझिण्या आणणारी चटणी. जुनी दुकानं तो रस्सा कधी पूर्ण ओतून टाकत नाहीत म्हणे. कालचा थोडा राखून त्यातच आजचं पाणी आणि मसाले घालतात, आपल्या विरजणासारखं.

एकदा सगळे तिथं जेवायला गेलो. पहिला घास घेतला आणि मला दालचिनी लागली. दुसऱ्या घासाला चक्रीफूल.

"अरे, हा तर आपला गोडा मसाला!" मी म्हणालो.

"बाबा, हळू," मुलगा म्हणाला.

"नाही, पण यात आहे काय? दालचिनी, चक्रीफूल, गूळ. घरी सहज होईल."

यावर कुणीच काही बोललं नाही. आमच्या घरात न बोलण्याचे बरेच प्रकार आहेत, आणि हा त्यातला सगळ्यात जुना. बायको शाकाहारी, ती समोर मशरूमच्या नूडल्स खात होती. तिनं फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चॉपस्टिक्स खाली ठेवून चमचा घेतला.

मी कृती मिळवली. मोबाइलवर पाहून वहीत उतरवली, ऑडिटच्या पद्धतीनं: डावीकडे जिन्नस, मध्ये प्रमाण, उजवीकडे शेऱ्याचा रकाना रिकामा. आणि नवरात्र बसलं.

घरात घट, बायकोचे नऊ दिवस उपवास, म्हणजे बदकाचं नावही काढायची सोय नाही. मग विचार केला, घरी नाही तर नाही, निदान दुकानात उभं राहून तो माणूस नेमकं काय करतो ते तरी पाहून येऊ, आणि पाहता पाहता एक प्लेट. बायकोला सांगितलं, पाय मोकळे करून येतो. याओवारातला उतरलो तर सगळा रस्ता पिवळ्या पताकांनी भरलेला, त्यांवर लाल अक्षरं, आणि माझ्या बदकवाल्याच्या काचेच्या कपाटात, जिथं बदकं माना टाकून लटकलेली असायची तिथं, टोफू. चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून हे लोक नऊ दिवस मांस, मासे, अंडी, दूध काहीच खात नाहीत, वर कांदा-लसूणही वर्ज्य. आणि हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राशी जवळजवळ जुळतात. ज्या शहरात एरवी पहाटे तीनलाही डुकराचं मांस मिळतं तिथं मी नेमका हा मुहूर्त गाठला होता. बदकवाल्यानं मला आपणहून बसवलं आणि पुढ्यात एक प्लेट ठेवली. कणीक पाण्यात धूत राहून सगळा चीक निघून गेल्यावर जे चिवट उरतं त्याचं केलेलं बदक, कातडीच्या रेघांसकट. मी ते खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बायकोपासून लपून शाकाहार केला.

दसरा झाला. सीमोल्लंघनाला मी ख्लोंग तोईच्या बाजारात गेलो.

हा बँकॉकचा मोठा ताजा बाजार. एका गल्लीत टोपल्यांत जिवंत बेडूक, दुसरीत मिरच्यांचे ढीग, खाली सतत पाणी, मागून हातगाडीवाले ओरडत येणार, आणि मला थायी भाषेत नमस्कार आणि आभार सोडून काही येत नाही. पण बोटं आहेत ना. मसालेवालीकडे गेलो, चक्रीफुलाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. वहीत लिहिलं होतं, चक्रीफूल 3. मी तीन बोटं वर केली. आता तिकडे बाजारात सुट्या वस्तूंचं माप खीत, आणि एक खीत म्हणजे 100 ग्रॅम, हे मला माहीत होतं. पण माहिती असणं आणि ती वेळेवर आठवणं ही दोन निरनिराळी खाती आहेत. तिनं फुर्रकन पिशवी भरली, तागडीत टाकली आणि माझ्या हातात दिली. 300 ग्रॅम चक्रीफूल. तुम्ही कधी पाहिलंय? एक फूल जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमचं भरतं. तुमच्या घरात वर्षाचा गोडा मसाला होतो तेव्हा किती लागतं ते आठवा, आणि मग पुढच्या चार सुनांचा विचार करा. मागे देता आलं असतं. पण लेखी आकडा आपला, बोटं आपली, आणि रांगेत मागे माणसं उभी. मी पैसे दिले आणि असंच हवं होतं असा चेहरा केला.

बदकवाली साठीची, तुरुतुरु बोलणारी. तिच्याकडचं बदक डोकं, मान, पाय सगळ्यासकट, दोन-सव्वादोन किलोचं, पिवळसर पांढरं, बऱ्यापैकी प्रतिष्ठित दिसणारं. मी ते निवडल्यावर ती मला काहीतरी समजावून सांगायला लागली. मला कळत नाही म्हटल्यावर तिनं स्वतःचा हात पाठीमागे, कमरेच्या खाली नेला, तिथं दोन बोटं टेकवली, आणि मग त्याच दोन बोटांनी कातरल्याची खूण केली. पुन्हा कंबर, पुन्हा कात्री. चेहरा अगदी कळकळीचा. मला वाटलं, हिची कंबर दुखतेय, बहुधा ऑपरेशन सांगितलंय. दिवसभर ओल्यात उभं राहायचं म्हणजे होणारच. मी सहानुभूतीनं मान हलवली, माझ्याही कमरेवर हात ठेवून चेहरा वाकडा केला, म्हणजे मलाही आहे हो. ती क्षणभर बघत राहिली आणि मग शेजारणीला हाक मारून माझ्याकडे बोट दाखवत इतकी हसली, की मला वाटलं, चला, कुणाचं तरी दुःख हलकं केलं. हात जोडून निघालो. वाटेत बदक मावेल असं एक ॲल्युमिनियमचं प्रशस्त पातेलंही घेतलं.

घरी येऊन बदक फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिज लहान, बदक लांब. दुपारच्या चहाला बायकोनं दूध काढायला दार उघडलं.

"अहो, हे काय?"

"बदक."

"ते दिसतंय. त्याची मान माझ्या सायीवर का?"

तुपासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीच्या वाडग्याला बदक मान टेकून झोपलं होतं. तिनं वाडगा उचलला, पाहिला, आणि आवाज न करता सिंकमध्ये ठेवला. न बोलण्याचा दुसरा प्रकार.

फालोचा पाया म्हणजे लसूण, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीची मुळं एकत्र कुटून केलेलं वाटण. थायी स्वयंपाकात हे तिघं इतक्या ठिकाणी एकत्र येतात की त्यांना तिकडे तीन जिवलग मित्र म्हणतात. म्हणून तिथं कोथिंबीर विकतात तीच मुळांसकट. मीही मुळांसकट आणली होती, मोठी जुडी, आणि ओट्यावर ठेवून जरा बाल्कनीत जाऊन आलो होतो. तेवढ्यात बायकोनं चाळीस वर्षांच्या सवयीनं ती निवडून, पानं फडक्यात गुंडाळून, मुळं कचऱ्यात टाकून दिली होती. तिचं काही चुकलं नाही. महाराष्ट्रात कोथिंबिरीच्या मुळांना आजवर कुणी विचारलंय? मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि चहाचा चोथा, पपईच्या बिया आणि काकडीची सालं यांच्यामधून तिसरा मित्र शोधून काढला. मुळं धुतली, तरी कुटताना मधूनच चहाचा वास यायचा.

आता पातेलं. बदक, पाणी, सगळं घालून शेगडीवर ठेवलं, बटण दाबलं. शेगडीनं एकदा पीं केलं आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा पीं. शेजारच्या चुलीवर सरकवलं, तिथंही तेच. आमच्या इमारतीत गॅसचं सिलिंडर ठेवायला मनाई, सगळीकडे इंडक्शन. मी शेगडीचा प्लग काढून घातला, पुसून पाहिली, वर हलकेच थापट मारली. सोफ्यावरून आवाज आला, "ॲल्युमिनियम चालत नाही तिच्यावर. चुंबक चिकटतं तसं स्टील लागतं."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

स्टीलचं म्हणून घरात होतं काय? भारतातून आणलेला कुकर आणि एक दुधाचं पातेलं. दोन्ही बदकापेक्षा लहान. तेव्हा बदकाचे दोन भाग करणं आलं. याओवारातचा माणूस चिंचेच्या लाकडाच्या जाडजूड ठोकळ्यावर बदक ठेवतो, हातातला रुंद सुरा एकदा वर जातो, एकदा खाली येतो, आणि तुकडा पडतो. माझ्याकडे पाव कापायची दातेरी सुरी आणि प्लास्टिकचा पाट. सुरी हाडावर थांबली. मी सुरीच्या पाठीवर खलबत्त्यातला बत्ता हाणला. पाट घसरला, बदक ओट्यावरून सुटून गॅलरीच्या दिशेनं गेलं, मी ते लादीवर गाठलं, धुऊन आणलं, पुन्हा हाणलं. शेवटी ते कापलं गेलं, पण उभं नव्हे, आडवं. एका भागात मान, पंख, छाती. दुसऱ्यात पाय आणि शेपूट. पूर्वार्ध कुकरला जाणार होता, उत्तरार्ध दुधाच्या पातेल्याला.

त्याआधी गुळाचा पाक. फालोला रंग येतो तो निम्मा काळ्या सोया सॉसचा आणि निम्मा ताडगूळ वितळवून त्याला मधाहून गडद होऊ दिल्यावर येणारा. इथं नजर हटवायची नाही, असं वहीतही लिहिलं होतं. ते नेमकं काय लिहिलंय हे वाचायला मी चष्मा शोधायला गेलो. चष्मा डोक्यावर होता, पण हे कळायला मला बेडरूम, बाथरूम आणि बाल्कनी अशी फेरी मारावी लागली. परत आलो तेव्हा स्वयंपाकघर दिसत नव्हतं. तेवढ्यात छतावरचं यंत्र कोकलायला लागलं, एकदम कर्कश, थांबेचना. मी खाली उभा राहून त्याला वर्तमानपत्रानं वारा घालू लागलो. बायको विणकाम घेऊन बाल्कनीत गेली. नात तेवढ्यात शाळेतून आली, दप्तरासकट दारात उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग लिफ्टमधून वॉचमन धावत आला, हातात लाल अग्निशामक. धूर बाहेर येत होता, यंत्र ओरडत होतं, आणि हा भला माणूस आधी उंबऱ्यापाशी वाकला, दोन्ही बूट काढले, नीट जोडीनं ठेवले आणि मग आत आला. थायलंडमध्ये घर जळत असलं तरी बूट बाहेरच.

"आबा, काका विचारतायत, आग कुठे लागलीय?"

"त्यांना सांग, आग नाही. बदक आहे."

नात थायीत काहीतरी म्हणाली. ते माझ्या वाक्याच्या मानानं बरंच लांब होतं. वॉचमननं माझ्याकडे पाहिलं आणि अग्निशामक खाली ठेवला.

"काय सांगितलंस गं?"

"तेच. आणि तुम्ही पहिल्यांदाच करताय, तेही."

धूर गेला. कढईच्या तळाशी काळा कुळकुळीत पाक. बँकेत आयुष्य गेलेला माणूस काही फेकत नाही. मी तो उत्तरार्धात ओतला. पूर्वार्धाला उरला नाही, म्हणून त्यात नुसताच गुळाचा खडा टाकला. वाटण, दालचिनी, जाडसर कापलेली, आल्यासारखी दिसणारी गलांगल, चक्रीफुलं (तीन, मोजून) दोन्हीकडे वाटली. सोया सॉसच्या दोन बाटल्या होत्या, एक पातळ खारट, एक दाट काळी गोड, दोन्हीवरची अक्षरं थायी. त्यातली कुठली किती पडली यावर मी बोलणार नाही. कुकरचं झाकण लावलं. वॉचमन घटनेची नोंद घेतलेली वही सहीसाठी घेऊन परत आला, मी आपुलकीनं तारीख-वेळ तपासली, स्पेलिंग पाहिलं, सही केली, आणि तेवढ्यात पहिली शिट्टी झाली. ज्यानं आयुष्यात भारतीय कुकर ऐकलेला नाही अशा माणसाला ती शिट्टी तीन फुटांवरून ऐकवू नये. त्याच्या हातातलं पेन फ्रिजखाली गेलं. अजून आहे.

किती शिट्ट्या करायच्या? बदक साध्या भांड्यात मंद आचेवर दीड-दोन तास घेतं; कुकरचा उल्लेख कृतीत नव्हताच. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी बदकाचा कुकर लावलेला नाही कधी. मग मी आपलं चण्याच्या हिशेबानं जाऊ दिलं. दरम्यान उत्तरार्धाच्या पातेल्याखाली शेगडी मधूनमधून आपली आपण बंद होत होती, कारण पातेल्याचा तळ जरा फुगीर होता, आणि हे माझ्या लक्षात यायचं ते पुन्हा पाणी थंड झाल्यावर.

कुकर उघडला तर वर दोन बोटं तवंग. बदकाच्या कातडीखाली चरबीचा चांगला थर असतो, शिजताना ती सगळी वर येते आणि पळीनं काढून टाकायची असते. पण तर्री पाहून माझ्यातला मिसळ खाणारा माणूस गहिवरला. मी काढली नाही. तेवढ्यात लक्ष उत्तरार्धाकडे गेलं, आणि या मधल्या वेळात नातीनं स्टूल ओढून कुकरच्या रश्शात भाज्या सोडल्या: आधी पांढरा मुळा आणि गाजर, मग शिताके मशरूम आणि टोफू, उकडलेली अंडी, आणि अगदी शेवटी, शेगडी बंद करायच्या जरा आधी, खनाची जाड देठांची हिरवी पानं. मी म्हटलं, एकदम का नाही टाकलंस? ती म्हणाली, "आबा, पान लगेच शिजतं आणि मुळा नाही. हे माहीतच असतं." बहुधा असतं.

रात्री सगळे जमले. मी झाकणं काढली.

पूर्वार्ध उरला नव्हता. हाडं वेगळी, मांसाचे धागे वेगळे, पंख कुठं आणि छाती कुठं याचा पत्ता नाही. ओळख पटवायला फक्त मान होती. उत्तरार्ध अखंड होता. इतका, की मुलानं तंगडी धरून ओढली, सुरी लावली, शेवटी उभा राहिला, आणि तंगडीऐवजी ताटलीच सुटून सूनबाईंच्या मांडीवर गेली. शिवाय त्याला एक वास होता. उग्र, ओलसर, आणि मागून जळक्या गुळाचा कडवटपणा. मुलानं एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावत राहिला आणि न गिळताच म्हणाला, "बाबा, चव छान आहे." सूनबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे त्या आता आमच्या घरात पुरत्या रुळल्या.

आणि भाज्या उत्तम झाल्या होत्या. खरंच सांगतो. मुळ्यानं तो सगळा गोड-खारट, दालचिनी-चक्रीफुलाचा रस आत ओढून घेतला होता, दाताखाली विरघळत होता, मशरूम तुडुंब, खनाचं देठ अजून करकरीत. पण शिजल्या होत्या बदकात. म्हणजे घरातलं जे एकमेव माणूस भाज्या आवडीनं खातं तिला त्या चालत नव्हत्या, मुलाला डॉक्टरांनी चरबी बंद केलेली, आणि सूनबाईंच्या साडीवर आधीच बऱ्याच सांडलेल्या. बायको शांतपणे उठली. तिनं संध्याकाळीच इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात आणि वर वरणाचा डबा ठेवून दिला होता. पाचजणांचा. लिंबाच्या फोडीसुद्धा कापून तयार होत्या.

नातीनं एक ताटली वॉचमनकाकांना खाली नेऊन दिली. तो इसानचा, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडचा. तिकडच्या माणसाचा भात चिकट, तो हातानं गोळा करून खातात. त्यानं रश्शात गोळा बुडवून खाल्ला आणि म्हणाला, अरोय, म्हणजे छान.

"बघ!" मी म्हणालो.

"आबा, ते सगळ्यांनाच असं म्हणतात."

मग त्यानं तंगडीचा वास घेतला, नातीशी बराच वेळ बोलला, आणि शेवटी स्वतःचा हात पाठीमागे कमरेखाली नेऊन दोन बोटांनी कात्री केली. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते. पिसांना पाणी लागू नये म्हणून ते त्यातलं तेल चोचीनं अंगभर लावतं. शिजवण्याआधी ती कापून टाकायची, नाहीतर सगळ्या मांसाला वास लागतो. तिकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ख्लोंग तोईतल्या त्या बाईनं एक सोडून दोनदा सांगितलं होतं, आणि मी तिला माझी कंबर दाखवून आलो होतो.

वॉचमन उरलेला उत्तरार्ध मागून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायको त्याच्यासाठी शंकरपाळे घेऊन खाली गेली तर येताना हातात वाडगा. त्यानं शेपटीकडचं सगळं टाकून देऊन मांड्यांचं मांस बारीक ठेचलं होतं, त्यात लिंबू, माशाचं सॉस, भाजून कुटलेले तांदूळ, सुकी मिरची, पुदिना. लाप म्हणतात त्याला. इसानमध्ये बदकाचा लाप घरोघर होतो. मुलगा अर्धा वाडगा एकटा संपवून गेला. मांस तेच. फक्त माझ्या हातून सुटलेलं.

वहीतला शेऱ्याचा रकाना मी रिकामाच ठेवणार होतो, पण नातीनं भरला. तिनं लिहिलंय, "मुळा चांगला."

तेव्हा तुम्हाला पेत फालो खायचा असेल तर याओवारातला जा. भरपूर बदक, भात, अंडं आणि चटणी मिळते, आणि तिथं कुणी सहीसाठी वही आणत नाही. घरीच करायचं असलं तर शेपटीची गाठ काढा, पाकावरून नजर हलवू नका, तवंग काढून टाका, आणि कुकर चण्यांसाठी राहू द्या. चक्रीफूल मात्र विकत आणू नका. पत्ता कळवा, मी पाठवतो.